नव्या मंडळीसाठी सेवकाची निवड व तयारी

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये ११:१९-२६, १३:१-५, १६:१-३, कलस्सैकरांस पत्र १:३-८ व ४:१२-१३

वरील सर्व भाग पाठ सुरू करण्याआधी एकदा घरी वाचून घ्यावेत. मी येथे वचने उतरून देणार नाही. ती आपणा सर्वांच्या घरच्या शास्त्रात आहेत, आणि पाठ वाचण्यापेक्षा शास्त्र उघडण्याची सवय अधिक हिताची.

ह्या महिन्याचा विषय आमच्या भागात घडलेल्या एका चुकीतून निघाला आहे. म्हणून प्रथम ती चूक सांगतो. ती करणाऱ्यांत मीही होतो.

आमचे खकनार बऱ्हाणपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत आहे. पूर्वी हा सारा भाग पूर्व निमाड जिल्ह्यात मोडत असे. २००३ साली बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. देडतलाईच्या अंगाने गेले की धारणी आणि मेळघाट लागतो, म्हणजे महाराष्ट्र. बाजाराच्या दिवशी एकाच दुकानापुढे हिंदी, निमाडी, मराठी आणि कोरकू अशा चार भाषा कानी पडतात. आमची उपासना मराठीत चालते, कारण आमची बहुतेक घरे वऱ्हाड-खानदेशाकडून आलेली आहेत. पण डोंगराकडच्या वस्त्यांतून मराठी थोड्यांनाच कळते, आणि हिंदी कळली तरी ती बाजाराची भाषा. चुलीपाशी बोलायची भाषा कोरकूच.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागीय समितीने अशा एका वस्तीत नवी मंडळी उभी करण्याचे ठरविले. माणूस निवडायचा होता. मी दीक्षित पाळक नाही. आठवडाभर पोटापाण्याचा उद्योग करून रविवारी नेमून दिल्याप्रमाणे उपदेश करणारा साधा माणूस. परंतु ईश्वरविज्ञानाची पदविका असल्यामुळे मला परीक्षक म्हणून बसविण्यात आले. दोन नावे आली होती. पहिला सव्वीस वर्षांचा, पदवीधर, सेमिनरीत शिकलेला, आवाज गोड, मराठी शुद्ध. दुसरा चाळिशीतला कोरकू गृहस्थ, सातवीपर्यंत शिकलेला, हंगामात कापूस वेचायला आणि ऊस तोडायला जाणारा. त्याच्या अंगणात तीन वर्षांपासून रविवारी संध्याकाळी चार घरे जमत. तो हिंदी नवा करार वाची आणि कोरकूत समजावून सांगे.

आम्ही गुणपत्रक केले होते : शिक्षण २५, शास्त्रज्ञान २५, उपदेश २५, मुलाखत २५. उपदेशाचे गुण माझ्याकडे होते. पहिल्याला मी २१ दिले, दुसऱ्याला ९. बिचारा आमच्यापुढे मराठीत बोलू गेला आणि तीनदा अडखळला. कोरकूत बोल असे त्याला कोणी म्हणाले नाही, कारण बोलला असता तरी आमच्यापैकी एकालाही ते समजले नसते! हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात आले नाही.

तरुण भाऊ गेला. खोली भाड्याने घेतली, पाटी लावली, पेटी आणि सतरंज्या आल्या. त्याच वेळी आम्ही दुसऱ्याला निरोप पाठविला की आता अंगणातली सभा बंद कर, एका वस्तीत दोन ठिकाणे नकोत. त्याने बंद केली. चौदा महिन्यांनी तरुण भाऊ परत आला. पावसाळ्यात लहान मुलाला ताप भरला होता, रस्ता बंद. आणि पत्नीला वस्तीत कोणाशी दोन शब्द बोलता येत नव्हते. तिला ह्या सेवेविषयी आम्ही काही विचारलेच नव्हते. मुलाखतीच्या दिवशी ती बाहेर व्हरांड्यात मूल घेऊन बसली होती, तिच्यापर्यंत चहा तेवढा पोचला.

तो परतल्यावर खोलीला कुलूप लागले. अंगणातली सभा तर आम्ही आधीच बंद केली होती.

आता शास्त्राकडे वळू.

अंत्युखियाची मंडळी कोणी सुरू केली हे कृत्यांच्या अकराव्या अध्यायात पाहा. स्तेफनाच्या वेळच्या छळामुळे पांगलेली, कुप्र व कुरेने येथील काही माणसे. लूक त्यांची नावेसुद्धा देत नाही. यरुशलेमेने नंतर बर्णबाला पाठविले, पण तो आला तेव्हा काम चालू होते. त्याने ते थांबविले नाही, पाहिले आणि आनंदित झाला असे लूक लिहितो. मग तो तार्सास जाऊन शौलाला घेऊन आला आणि दोघांनी वर्षभर तेथे शिक्षण दिले. आमच्या समितीने नेमके याच्या उलट केले. चालू असलेले काम पाहून आम्हांला आनंद व्हायला हवा होता, आणि आम्ही त्याला कुलूप घातले.

तेराव्या अध्यायात पाठवणी आहे. पाच पुढाऱ्यांची नावे येतात, आणि त्यांतून मंडळीने सोडले ते बर्णबा आणि शौल, म्हणजे जे नसल्याने तिला सर्वांत जास्त अडचण होणार होती ते. आपल्याकडे बहुधा ज्याला घरच्या मंडळीत काम उरलेले नाही, किंवा ज्याचे कोणाशी पटत नाही, त्याला नव्या ठिकाणी धाडण्याची चाल आहे. नवीन जागा म्हणजे शिकाऊ माणसाची जागा, असा आपला समज. अंत्युखियाचा तसा समज नव्हता.

शिवाय हे दोघे त्या दिवशी एकाएकी सापडले नव्हते. बर्णबाने शेत विकल्याचे आपण चौथ्या अध्यायात वाचतो, सगळे भीत असता शौलाची बाजू घेतल्याचे नवव्या अध्यायात. शौलाबद्दल गलतीकरांस पत्राचा पहिला व दुसरा अध्याय वाचला तर दिसते की दिमिष्काच्या वाटेवरील दर्शनानंतर कितीतरी वर्षे अरबस्तान, सिरिया, किलिकिया अशा ठिकाणी गेली. त्या वर्षांचा फारसा वृत्तान्त कोठे नाही. त्यापुढे तीमथ्याचे पाहा. पौल पहिल्या फेरीत लुस्त्रास जातो तेव्हा ह्या तरुणाचा उल्लेख नाही. दुसऱ्या फेरीत येतो, आणि येताच लूक सांगतो की लुस्त्र व इकुन्या येथील बंधू त्याच्याविषयी चांगले बोलत. दोन गावांची साक्ष! ज्यांनी त्याला रोज पाहिले त्यांनी प्रथम सांगितले, मग पौलाने त्याला बरोबर घेतले.

पण आमच्या प्रकरणाशी सर्वांत जुळणारा माणूस ह्या तिघांपैकी कोणी नसून एपफ्रास आहे. उपदेशांत त्याचे नाव फारसे घेतले जात नाही. कलस्सै येथील मंडळीने पौलाचे तोंडही पाहिले नव्हते. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीवरून ते समजते. सुवार्ता त्यांनी ऐकली ती एपफ्रासाकडून, आणि चौथ्या अध्यायात पौल त्याला त्यांच्यापैकीच एक म्हणतो. म्हणजे तो गावचाच. त्याला सुवार्ता कोठे मिळाली हे स्पष्ट लिहिलेले नाही. परंतु पौल इफिसास तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे रोज वाद करीत असे आणि त्या काळात आसियातील लोकांपर्यंत वचन गेले असे कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. एपफ्रास तेथे येऊन ऐकून गेला असावा असे पुष्कळ भाष्यकार धरतात, आणि मलाही ते पटते. पौल कलस्सैस गेला नाही. गावच्याच माणसाला त्याच्याच गावात काम करू दिले, आणि लावदिकीया व हेरापली येथेही तोच श्रम करीत आहे अशी त्याची साक्ष दिली. आमचा कोरकू बंधू एपफ्रास होता. आम्ही त्याला मराठीतले व्याकरण विचारीत बसलो.

आता प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी इतिहासात ही निवड कशी केली ते थोडे पाहू. निरनिराळ्या पंथांच्या रीती निरनिराळ्या आहेत. येथे मी मला अधिक शिकवून गेलेल्या रीतीच घेतो.

मेथडिस्ट पंथाची पद्धत सर्वांत शिस्तीची म्हणावी लागेल. जॉन वेस्ली ह्याने १७४२ पासून ब्रिस्टलमध्ये ‘क्लास’ म्हणजे सुमारे बारा जणांचे लहान गट सुरू केले. प्रत्येकावर एक पुढारी. पुढारी दर आठवड्यास आपल्या लोकांचे आत्मिक कुशल विचारी. मंडळीने पाळक शोधायचे ते ह्याच गटांतून. थॉमस मॅक्सफील्ड नावाचा एक दीक्षा नसलेला मनुष्य उपदेश करू लागला तेव्हा वेस्ली रागावून त्याला थांबवायला निघाला होता. पण त्याची आई सुसाना हिने अगोदर ऐकून घे असे सुचविले आणि ऐकल्यावर वेस्लीने आपले मत बदलले. पुढे १७४६ च्या परिषदेत अशा उपदेशकांना पारखण्याच्या तीन कसोट्या ठरल्या : देवाशी खरी ओळख आहे काय, सेवेसाठी लागणारी देणगी आहे काय, आणि आजवर फळ आले आहे काय. तिसरी कसोटी लक्षात घ्यावी. ‘फळ येईल काय’ असा तो प्रश्न नाही. आमच्या गुणपत्रकात फळाचा रकानाच नव्हता.

ह्यातूनच पुढे पायऱ्या बनल्या. क्लासचा पुढारी, मग बोध करणारा, मग परवाना असलेला स्थानिक उपदेशक, मग वार्षिक परिषदेत परीक्षार्थी, मग डीकन, मग एल्डर. परवान्याची शिफारस त्याच्याच मंडळीची तिमाही परिषद करी आणि तो दरवर्षी नवा करावा लागे. कामावर असतानाच नेमून दिलेली पुस्तके वाचायची आणि वर्षाकाठी परीक्षा द्यायची असा चार वर्षांचा अभ्यासक्रम असे. आमच्या निमाडात मेथडिस्ट काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच आले, आणि मुंबईत १८७१-७२ साली विल्यम टेलर ह्यांनी घरोघरी जे लहान सहवास-गट जमविले त्यांचे पुढारी बहुतांशी नोकरी-धंदा करणारे लोक होते. ह्या पायऱ्या पुढे कागदी झाल्या, परवाना म्हणजे मान असे वाटू लागले, ही गोष्ट वेगळी. मूळ कल्पना अशी की जे रोज ऐकतात त्यांनीच सांगावे ऐकण्याजोगे आहे की नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अहमदनगरचे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले आणि अहमदनगरचे ठाणे १८३१ साली सुरू झाले. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ह्या दोघांना तेथील मंडळ्यांचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती १८५४ मध्ये, म्हणजे ठाणे सुरू झाल्यावर तेवीस वर्षांनी. माणसे होती, विश्वास टाकायला वेळ लागला. त्याच हिवाळ्यात मिशनचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीस आले होते. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक मंडळीला आपला देशी पाळक असावा, त्याचे पोषण तिने करावे आणि तिनेच पुढे नव्या मंडळ्या काढाव्यात. त्यासाठी पाळकांचे शिक्षण इंग्रजीत नव्हे, लोकभाषेत व्हावे. इंग्रजी शाळांविषयी त्यांनी जरा टोकाची भूमिका घेतली असे मला वाटते. ती शाळा गेल्याने आपल्या काही मुलांचे नुकसान झालेच. परंतु पाळकाची भाषा त्याच्या मंडळीपासून तुटू नये, हा मुद्दा त्यांनी योग्य जागी ठेवला होता.

त्याच अहमदनगरच्या सेमिनरीत शिकविणारे आणि १९०४ साली दीक्षा मिळालेले कविवर्य नारायण वामन टिळक ह्यांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला, हे आपणांस ठाऊक आहे. परक्याच्या पैशावरची सेवा लोकांच्या मनापर्यंत जात नाही ही त्यांची खंत होती. ते १९१९ मध्ये वारले. प्रयोगाला पुरता अवधी मिळाला नाही. पण प्रश्न संपलेला नाही, आणि तो पुढे पुन्हा येईल.

आमच्या जवळचेच एक उदाहरण तर कित्येकांना माहीत नसेल. फ्री मेथडिस्ट पंथाचे अर्नेस्ट वॉर्ड व त्यांच्या पत्नी फिबी हे १८८१ साली हिंदुस्थानात आले आणि त्यांनी आरंभीचे काम केले ते आमच्या ह्या बऱ्हाणपुरात. ह्या पंथाचे काम पुढे यवतमाळला रुजले, आणि त्याच यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली. ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. पती आणि पत्नी दोघांनाही सेवेस बोलावणे आहे अशा समजुतीने ती दोघे आली होती. आमच्या समितीला एवढे जरी आठवले असते तर व्हरांड्यातल्या बाईला आम्ही आत बोलाविले असते.

वऱ्हाडात एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथून कोरकू लोकांमध्ये काम करण्यासाठी ‘कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ निघाले. त्यातील जॉन ड्रेक ह्यांनी कोरकू भाषेचे व्याकरण लिहिले, ते १९०३ साली प्रसिद्ध झाले. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली नाही; ती मुंडा भाषांपैकी, म्हणजे संथाळी व मुंडारीची बहीण. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. स्वतःला ते नुसते ‘माणसे’ म्हणवितात. परदेशातून आलेल्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी व्याकरण लिहिण्याइतकी ही भाषा शिकून घेतली, आणि आम्ही एका पिढीपासून शेजारी राहून ‘पाणी द्या’ एवढेही शिकलो नाही.

तयारीविषयी आता बोलू.

निवडलेल्या माणसाला तीन वर्षे शहरात सेमिनरीत ठेवायचे, ही आपल्याला सवयीची वाट. ती वाईट नाही. मंडळ्यांना मूळ भाषा जाणणारे, इतिहास जाणणारे पाळक लागतातच. परंतु प्रपंच असलेला माणूस ह्या वाटेने जाऊ शकत नाही, आणि तरुण गेला तर पुष्कळदा परत वस्तीकडे येत नाही. ही अडचण ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीलाही आली होती. तेथे १९६३ पासून त्यांनी उलटा प्रकार केला : विद्यार्थी घरीच राही, शेती करी, धडे पुस्तकातून करी, आणि शिक्षक ठरावीक दिवशी त्या भागात येऊन गट घेई. हेच विस्तारित ईश्वरविज्ञान शिक्षण. आपल्या देशात १९७१ साली बंगलोरला टॅफ्टी ही संस्था ह्याच हेतूने निघाली. माझी स्वतःची पदविका अशीच रात्री कंदिलाजवळ झालेली आहे, त्यामुळे माझे मत थोडे एकांगी असू शकेल हे वाचकांनी धरून चालावे.

अमेरिकेत ह्या विषयाचा पद्धतशीर अभ्यास चार्ल्स रिडले नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात केला. नव्या मंडळ्या सुरू करणाऱ्यांत जे टिकले त्यांच्यात दिसणारे तेरा गुण त्याने मांडले. सगळे आपल्याला लागू पडतीलच असे नाही. पण मुलाखतीविषयी त्याचे सांगणे फार उपयोगी आहे : उमेदवाराला ‘तुम्ही काय कराल’ असे विचारू नका, ‘तुम्ही काय केले आहे’ ते विचारा आणि खोलात जाऊन विचारा. कोणाला तुम्ही प्रभूकडे आणले? तो आज कोठे आहे? लोक सोडून गेले तेव्हा तुम्ही काय केले? त्या तेरा गुणांत जोडीदाराची संमती व सहकार्य हाही एक आहे. आमच्या कोरकू बंधूला हे प्रश्न विचारले असते तर त्याला अडखळायचे कारण नव्हते. उत्तरे त्याच्या अंगणात बसलेली होती.

स्त्रियांविषयी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण पुढे राहून जाईल. केडगावच्या मुक्तिसदनातून पंडिता रमाबाईंनी स्त्रियांच्या टोळ्या खेड्यापाड्यांत सुवार्तेला पाठविल्या. आमच्या वऱ्हाड-खानदेशातील किती मंडळ्यांचा आरंभ एखाद्या बायबल बाईने ओसरीवर बसून केला आहे हे जुनी माणसे सांगतील. पण निवडीचा अर्ज काढला की त्यात ‘उमेदवाराच्या पत्नीचे नाव’ असा रकाना असतो, उमेदवार बाई असेल अशी कल्पनाच नसते. प्रिस्किल्लेने अपुल्लोसाला घरी नेऊन शिकविले हे कृत्यांचा अठरावा अध्याय वाचताना आपण विसरतो.

आणखी एक तयारी आमच्या मध्यप्रदेशात अवश्य लागते, तिच्याविषयी उघड बोलले पाहिजे. येथे १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा होता, त्याच्या जागी २०२१ चा कायदा आला. त्याप्रमाणे धर्म बदलू इच्छिणाऱ्याने, तसेच तो विधी करणाऱ्यानेही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळविले पाहिजे. बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन ह्यांस शिक्षा आहे. समोरची व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असली तर ती दोन ते दहा वर्षांपर्यंतची आहे. प्रलोभनात भेटवस्तू, पैसा, नोकरी, धर्मसंस्थेच्या शाळेतील मोफत शिक्षण ह्यांचे वचनही येते. ह्या कायद्याला न्यायालयांत आव्हान दिले गेले आहे, म्हणून आजची स्थिती काय हे जाणत्या वकिलाला विचारूनच माणूस पाठवावा. पण मला वाटते कायदा नसता तरी आपण नाताळच्या घोंगड्या आणि सुवार्ता एकाच हाताने वाटायला नको होत्या. गरजूला घोंगडी द्यावी, जरूर द्यावी, पण ती प्रार्थनेला आलेल्यांची यादी पाहून देऊ नये.

वस्तीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न म्हणजे सवलतींचा. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. अनुसूचित जातीचा मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही. नव्या सेवकाला एवढे ठाऊक नसेल आणि तो अजाणता भलतेच आश्वासन देऊन बसला तर एका कुटुंबाचे नुकसान होते आणि मंडळीचा शब्द खोटा पडतो. आमच्या तरुण भावाला हे कोणी शिकविले नव्हते. त्याला ग्रीक क्रियापदे येत होती.

त्या तरुणाविषयी कोणी मनात वाईट आणू नये. तो अपयशी ठरला असे समितीच्या इतिवृत्तात लिहिले गेले, ते अन्यायाचे आहे. योहान मार्क पंफुल्याहून परत गेला होता, आणि त्याला पुन्हा न्यावे की नाही ह्यावरून पौल व बर्णबा ह्यांचे इतके बिनसले की ते वेगळे झाले. तरीही बर्णबाने त्याला बरोबर घेतले, आणि शेवटी शेवटी पौलच तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेस उपयोगी आहे. परत आलेल्याला सांभाळण्याची काही व्यवस्था आपल्या पंथाच्या नियमात आहे काय? मी पाहिले, बदलीचे कलम आहे, रजेचे आहे, हे नाही. तो भाऊ सध्या एका शाळेत शिकवितो आणि मुलांची शब्बाथ शाळा फार छान घेतो.

आता शेवटची हकीकत. खोलीला कुलूप लागल्यावर दीड वर्षाने मी आणि मंडळीतले एक वडील त्या कोरकू बंधूच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण त्यांनी बाज टाकली, पाणी दिले आणि आमचे बोलणे होण्याआधीच ते म्हणाले, “भाऊ, तुम्ही बंद कर म्हणालात म्हणून बंद केलं. पोरं गाणी म्हणतात, त्यांना कसं बंद करू?” आम्ही सभा पुन्हा सुरू करा म्हणून सांगितले. पुढच्याच रविवारी सुरू झाली. चार घरांपैकी तीन परत आली. चौथे अजून आले नाही, आणि त्यांचा आमच्यावरचा राग रास्त आहे.

गेल्या वर्षापासून त्यांची तयारी चालू आहे. महिन्यातून चार दिवस ते माझ्याकडे राहतात. सकाळी शास्त्र : ह्या वर्षी मार्काचे शुभवर्तमान आणि उत्पत्ती, एवढेच. दुपारी हिशेबाची वही, अर्ज लिहिणे, कायदा. संध्याकाळी ते मला कोरकू शिकवितात, आणि त्या तासाला विद्यार्थी म्हणून मी फार वाईट आहे. दर तिमाहीस आमच्यापैकी दोघे वस्तीत जाऊन त्या तीन घरांना विचारतात : काय शिकलात, हे घरी कसे वागतात, पैशाला कसे आहेत. गुणपत्रक आम्ही फाडून टाकले. बाप्तिस्म्याची घाई नाही. ज्याला घ्यायचा त्याने स्वतः, घरात बोलून, कायद्याप्रमाणे अर्ज करून घ्यायचा.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि तो त्यांच्या पत्नीने पहिल्याच भेटीत विचारला. महिन्याचे चार दिवस म्हणजे चार रोजी बुडतात. ऊसतोडीला पूर्ण हंगाम गेले तर वस्ती चार-पाच महिने उघडी पडते. न गेले तर घरात खायचे काय? समितीतील काहींचे म्हणणे पूर्ण पगार द्यावा. मला भीती वाटते की पगार सुरू झाला त्या दिवसापासून ते वस्तीच्या दृष्टीने आमचे नोकर होतील. टिळकांची खंत तीच होती. पण रिकाम्या पोटाने सेवा करा असे सांगणे मला पगारदाराच्या खुर्चीवरून सोपे आहे, हेही दिसते. बुडालेल्या रोजीची भरपाई मंडळीने वर्गणीतून द्यावी आणि हंगामात त्यांच्याऐवजी आमच्यातील दोघांनी आळीपाळीने वस्तीत जाऊन राहावे, असा माझा ठराव आहे. ठरावाला अनुमोदक मिळाला आहे. वस्तीत जाऊन राहायला तयार असलेले दुसरे नाव अजून आलेले नाही. समितीची बैठक पोळ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आहे.